तळटिपेतला नागरिक

एखादा मोठा व्यापार करार सहीच्या टप्प्यावर आला की आपल्याकडे एक ठरलेला कोरस सुरू होतो. अर्थविषयक पानांवर, उद्योगसंघटनांच्या परिषदांत, वाहिन्यांवरच्या चर्चांत तीच वाक्यं आणि तोच सूर. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: डेटाला सीमा नसतात. त्याला सीमेवर अडवणं म्हणजे परमिट-राज मागच्या दाराने परत आणणं. करारात डेटाच्या मुक्त प्रवाहाचं कलम घाला, सर्व्हर इथेच ठेवण्याची खुळचट अट सोडा, मग बघा आपला आयटी उद्योग कुठल्या कुठे जातो ते. राहता राहिला खासगीपणाचा प्रश्न, तर त्यासाठी करारात अपवाद असतोच. आणि साऱ्या प्रगत जगाने मान्य केलेल्या गोष्टीला नाकं मुरडणारे आपण कोण?

हे इतक्या ठसक्यात सांगितलं जातं की शंका काढणारा आपोआप मागासलेला ठरतो. चांगली जाणती माणसंही मग मान डोलावून मोकळी होतात. चीड येते ती याची, की या कोरसातल्या फारच थोड्यांनी ती कलमं वाचलेली असतात. तेव्हा आधी तीच वाचू.

या कलमांचा सर्वांत प्रसिद्ध नमुना आहे सीपीटीपीपी या करारात. पॅसिफिक महासागराभोवतीच्या 11 देशांचा हा करार 30 डिसेंबर 2018 पासून लागू झाला, 2024 च्या अखेरीस ब्रिटनही त्यात दाखल झाला आणि नंतरच्या अनेक करारांनी त्याचाच कित्ता गिरवला. त्यातलं 14.11 हे कलम सांगतं की धंद्याच्या कामासाठी माहितीची, आणि त्यात वैयक्तिक माहितीही आली, सीमापार वाहतूक प्रत्येक देशाने होऊ दिलीच पाहिजे. 14.13 सांगतं की आमच्याकडे धंदा करायचा तर सर्व्हर आमच्या भूमीवर ठेवा, अशी अट घालता येणार नाही. दोन्ही कलमं बंधनकारक. मोडली तर तंटा, तंट्यात हरलात तर व्यापारी सवलती गमावण्याची पाळी.

आता त्याच प्रकरणातलं 14.8 वाचा. हे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचं कलम. प्रत्येक देशाने संरक्षणाची कायदेशीर चौकट ठेवावी, असं ते म्हणतं. उत्तम! पण त्याला एक तळटीप जोडलेली आहे. ही चौकट म्हणजे सर्वंकष कायदा असू शकतो, ठरावीक क्षेत्रापुरता कायदा असू शकतो, आणि कंपन्यांनी स्वेच्छेने दिलेली वचनं त्यांना पाळायला लावणारा कायदा असला तरी भागतं. म्हणजे आपल्या माहितीचं काय करायचं हे कंपनीने स्वतः लिहायचं, आणि लिहिलंय तसं वाग, एवढंच सरकारने तिला सांगायचं. झालं संरक्षण! कंपनीच्या हक्काला ठणठणीत कलम आणि नागरिकाच्या हक्काला तळटीप, हे ज्याला समतोल वाटतं त्याच्या तराजूची तपासणी वजनमापे खात्याकडून करून घ्यायला हवी.

या सगळ्याच्या मुळाशी एक समजूत आहे: डेटा हा इतर मालासारखाच माल. दुबईला गेलेली हापूसची पेटी तिथे कुणीतरी खातो आणि विषय संपतो. ती पेटी परत येऊन रत्नागिरीच्या बागायतदाराला कर्ज नाकारत नाही. डेटा नाकारतो. तुमचा रक्तदाबाचा रिपोर्ट, कुठल्या रात्री कुठे होतात याची नोंद, थकलेला हप्ता, यांची एक प्रत बाहेर गेली की तिच्या हजार प्रती होतात, त्या पन्नास ठिकाणच्या तुकड्यांना जोडल्या जातात आणि विम्याचा हप्ता किती, नोकरीसाठी बोलावणं येणार की नाही, हे त्यांवरून ठरतं. आंब्याचा मालक पेटी विकतो. इथे माहिती ज्याची आहे तो विक्रेताही नाही आणि वाटाघाटीच्या टेबलावरही नाही. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच.

"पण अपवाद आहे ना!" आहे. 14.11 च्याच तिसऱ्या परिच्छेदात आहे. वैध सार्वजनिक हेतूसाठी निर्बंध घालता येतो, फक्त तो मनमानी किंवा छुपा व्यापारी अडसर असता कामा नये आणि हेतू साधायला लागतो त्याहून रेसभरही जास्त असता कामा नये. हे कोण ठरवणार? आपली संसद? आपलं सर्वोच्च न्यायालय? छे. ठरवणार तीन जणांचा लवाद, ज्यांचं आयुष्य व्यापार कायद्यात गेलं. यापेक्षा सौम्य उपाय उपलब्ध नव्हता का, असा प्रश्न तिथे विचारला जातो, आणि परदेशी कंपनीचे वकील असा सौम्य उपाय नेहमीच शोधून काढतात.

हे काल्पनिक वाटत असेल तर अँटिग्वाचं प्रकरण आठवा. लाखभरसुद्धा लोकवस्ती नसलेल्या या कॅरिबियन बेटाने 2003 मध्ये जागतिक व्यापार संघटनेत अमेरिकेविरुद्ध तक्रार केली: आमच्या ऑनलाइन जुगाराच्या कंपन्यांना तुम्ही अडवता. अमेरिका म्हणाली, सेवा व्यापाराच्या करारात आम्ही 'करमणूक सेवा' खुल्या केल्या होत्या, त्यात जुगार येतो असं आमच्या मनातही नव्हतं. निवाडा झाला: मनात काय होतं ते राहू द्या, तुमच्या यादीत तो बसतो. मग अमेरिकेने सार्वजनिक नीतिमत्तेच्या अपवादाकडे धाव घेतली. 2005 मध्ये अपील मंडळाने मान्य केलं की हे कायदे नीतिमत्तेच्या रक्षणासाठी आवश्यक आहेत. पण घोड्यांच्या शर्यतींवरची पैज देशी कंपन्यांना ऑनलाइन घेऊ देता का, या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर अमेरिकेला देता आलं नाही, आणि अपवाद हातचा गेला. 2007 मध्ये अँटिग्वाला दरवर्षी 2 कोटी 10 लाख डॉलरपर्यंत प्रत्युत्तर देण्याची मुभा मिळाली. जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाची, जगातल्या सर्वांत महागड्या वकिलांसह, ही गत. त्याच प्रकारच्या अपवादाच्या भरवशावर आपण आपल्या रुग्णांच्या फायली आणि लेकरांचे फोटो ठेवायचे?

आता आयटी उद्योगाच्या नावाने होणारी आरडाओरड. मुक्त प्रवाहाचं कलम नसलं तर हिंजवडी ओस पडेल, असं सांगितलं जातं. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस 1968 मध्ये मुंबईत सुरू झाली, इन्फोसिस 1981 मध्ये पुण्यात. तेव्हापासून आजवर भारताने कुठल्याही करारात डेटाच्या मुक्त प्रवाहाचं असं बंधन घेतलेलं नसताना आयटी निर्यात दोनशे अब्ज डॉलरच्या घरात पोचली. कलमाशिवाय जो उद्योग एवढा वाढला, तो कलमाशिवाय मरेल हा निष्कर्ष कुठल्या तर्कशास्त्रातून निघतो?

शिवाय हिंजवडीत येणारा डेटा आपला नसतोच. तो जर्मन बँकेच्या ग्राहकाचा असतो, इंग्लिश विमाधारकाचा असतो. तो येतो की अडतो हे त्यांचा कायदा ठरवतो. आपल्या बाजूने 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने त्याला आधीच मोकळीक दिली आहे. कलम 17 मध्ये परदेशी ग्राहकाच्या कंत्राटी कामासाठी आलेल्या परदेशी लोकांच्या माहितीला बहुतेक तरतुदींतून सूट आहे. म्हणजे उद्योगाला जे हवं ते मिळालेलं आहे. आणि युरोपला काय हवं असतं? भरवसा. ज्या देशाचा कायदा आपल्या तोडीचं संरक्षण देतो अशी खात्री पटते, त्याला युरोपीय संघ मान्यता देतो आणि मग तिथे माहिती विनासायास जाते. जपानला अशी मान्यता जानेवारी 2019 मध्ये मिळाली. त्याच सुमारास, 1 फेब्रुवारी 2019 ला, जपान-युरोप व्यापार करार लागू झाला, आणि गंमत म्हणजे त्या करारात मुक्त प्रवाहाचं कलम नव्हतं. तो विषय पुढे ढकलला होता. माहिती वाहू लागली ती संरक्षणाच्या कायद्याच्या जोरावर. भारताला ही मान्यता नाही. त्यामुळे युरोपचं काम घेताना आपल्या कंपन्यांना करारपत्रांच्या जाडजूड जुडग्यांवर सह्या कराव्या लागतात. हिंजवडीची खरोखर काळजी असेल तर कोरसाने कडक कायदा मागायला हवा. तो मागतो मोकळं रान.

मग पुढे केला जातो छोटा उद्योजक. कोल्हापुरी चपला लंडनला विकणाऱ्या कारागिराला म्हणे या कलमाने बाजार खुला होईल. त्याच्या ऑर्डरचा पत्ता, पैसे, कुरिअरची पावती यांना आज कोणत्या देशाने सीमेवर अडवून ठेवलंय? त्याची अडचण वेगळी आहे. त्याची चप्पल कुणी घेतली, कोणत्या शहरात जास्त खपते, कोणता आकार परत येतो, ही सगळी माहिती ऑनलाइन बाजारपेठ चालवणाऱ्या कंपनीकडे साठते. तिच्या जोरावर ती कंपनी उद्या तसलीच चप्पल स्वतःच्या नावाने विकू शकते. कारागिराला ती माहिती मिळावी असं एक अक्षर या कलमांत नाही. त्याचं नाव वापरून त्याच्याच पोटावर पाय देण्याचा हा प्रकार आहे.

"साऱ्या प्रगत जगाने मान्य केलंय," हा तर या कोरसाचा हुकमी पत्ता. हे प्रगत जग कोणतं? ज्या अमेरिकेने ही कलमं जगाच्या गळ्यात मारली, तिनेच ऑक्टोबर 2023 मध्ये जिनिव्हात, जागतिक व्यापार संघटनेच्या चर्चांत, डेटाचा मुक्त प्रवाह, सर्व्हरच्या अटींवरची बंदी आणि सोर्स कोडचं संरक्षण या प्रस्तावांचा पाठिंबा काढून घेतला. कारण? आपल्याच देशात मोठ्या टेक कंपन्यांवर कायदा करायला जागा हवी. फेब्रुवारी 2024 मध्ये तिथल्या अध्यक्षांनी आदेश काढला आणि एप्रिल 2025 पासून नियम लागू झाले: अमेरिकनांची जनुकीय, आरोग्यविषयक, आर्थिक आणि ठावठिकाण्याची माहिती चीन, रशिया, इराणसारख्या देशांकडे घाऊक प्रमाणात जाऊ द्यायची नाही. टिकटॉकच्या मालकीवरून कायदा झाला तो वेगळाच. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

युरोपचं बघा. माक्स श्रेम्स या ऑस्ट्रियन विद्यार्थ्याने, अमेरिकी पाळतीविषयीच्या स्नोडेनच्या गौप्यस्फोटानंतर, आपली फेसबुकवरची माहिती अमेरिकी गुप्तचरांच्या हाती जाते म्हणून 2013 मध्ये तक्रार केली. युरोपीय न्यायालयाने 2015 मध्ये एक आणि 2020 मध्ये दुसरी, अशा अमेरिकेशी झालेल्या डेटा हस्तांतराच्या दोन व्यवस्था रद्द केल्या. मे 2023 मध्ये फेसबुकची मालक असलेल्या मेटाला याच कारणावरून 1.2 अब्ज युरोंचा दंड बसला. यातलं काहीही झाल्याने अटलांटिकपलीकडचा व्यापार थांबला का? जागतिक व्यापार संघटनेतल्या देशांच्या एका मोठ्या गटाने पाच वर्षं खल करून जुलै 2024 मध्ये ई-कॉमर्सचा मसुदा तयार केला, त्यात मुक्त प्रवाहाचं बंधन नाही. एकमतच झालं नाही. 2019 मध्ये ओसाकाच्या जी-20 परिषदेत भारत, इंडोनेशिया आणि दक्षिण आफ्रिका यांनी डिजिटल जाहीरनाम्यावर सही केली नाही तेव्हा याच कोरसाने नाकं मुरडली होती. चार वर्षांत खुद्द अमेरिका त्याच दिशेला सरकली, पण कोरसाच्या तोंडी अजून जुनंच पद आहे.

घरचंच उदाहरण घ्या. 6 एप्रिल 2018 रोजी मुंबईच्या रिझर्व्ह बँकेने एक छोटंसं परिपत्रक काढलं: पेमेंटची सगळी माहिती भारतातच साठवा. मुदत सहा महिने. व्यवहाराचा एखादा टप्पा परदेशात असेल तर तेवढ्याची प्रत तिथेही ठेवायला मुभा होती. पुढे प्रक्रिया बाहेर करून माहिती एका दिवसात परत आणण्याचीही सवड मिळाली. तरीही गहजब झाला. खर्च परवडणार नाही, ग्राहकाचं नुकसान होईल, गुंतवणूक पळेल. अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधींच्या वार्षिक अहवालात 'अडथळा' म्हणून त्याची नोंद झाली. रिझर्व्ह बँक ढिम्म राहिली. 2021 मध्ये तिने अमेरिकन एक्स्प्रेस, डायनर्स क्लब आणि मग मास्टरकार्डला नवे ग्राहक घ्यायला बंदी केली. काय झालं? अशक्य ते शक्य झालं. माहिती भारतात आली आणि 2022 पर्यंत तिन्ही बंद्या उठल्या. कार्डं चालूच आहेत, आणि भाजीवाल्याच्या गाडीवरही यूपीआयचा चौकोन लटकतो आहे. अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडा यांच्या 2020 च्या करारातल्यासारख्या अटी आपण आधी मान्य केल्या असत्या, तर नियामकाला माहिती बघायला मिळते एवढ्यावर समाधान मानून हे परिपत्रक गुंडाळावं लागलं असतं.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे. परदेशी कंपनीपासून वाचवलेली माहिती आपल्या सरकारच्या हाती सुरक्षित आहे का? नाही. त्याच 2023 च्या कायद्याने सरकारला आपल्या यंत्रणांना सरसकट सूट देण्याचा अधिकार दिला आहे आणि माहिती अधिकाराचं कलमही बोथट केलं आहे. सर्व्हर तुर्भ्यात असला म्हणून नागरिक आपोआप सुरक्षित होत नाही. सर्व्हरवर तिरंगा फडकवून खासगीपणा मिळतो असं मानणाऱ्यांचीही धन्य आहे. पण यातून निघणारा निष्कर्ष काय? घराचं कुलूप कच्चं असेल तर कुलूप बदलायचं, की दारच उपटून शेजाऱ्याला द्यायचं? कायदा वाईट असेल तर तो निवडणुकीत, न्यायालयात, संसदेत बदलता येतो. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं. त्या निकालाच्या बळावर उद्या या सवलतींनाही आव्हान देता येतं. व्यापार कराराला मतदार हरवू शकत नाही.

खरी मेख इथेच आहे. पुट्टस्वामी निकालापासून कायद्यापर्यंत सहा वर्षं गेली. श्रीकृष्ण समितीचा अहवाल, 2019 चं विधेयक, संयुक्त संसदीय समिती, 2022 मध्ये विधेयकाची माघार, नवा मसुदा, मग 2023 चा कायदा आणि नोव्हेंबर 2025 मध्ये नियम. रडतखडत का होईना, हे सगळं उघड्यावर झालं. कुणालाही हरकत पाठवता आली. या कायद्याच्या कलम 16 नुसार एखाद्या देशात माहिती जाऊ द्यायची नसेल तर केंद्र सरकार अधिसूचना काढून ती रोखू शकतं. या कायद्यातलं हे मोठं हत्यार आहे, आणि करारातलं एक वाक्य ते निकामी करू शकतं. तो करार कसा होतो? बंद दाराआड. सीपीटीपीपीचा पूर्वावतार असलेल्या टीपीपीचा मसुदा अधिकृतपणे लोकांना दिसला तो वाटाघाटी संपल्यावर महिन्याने, नोव्हेंबर 2015 मध्ये. आपल्या राज्यघटनेत तर कराराला संसदेची मंजुरी घेण्याची सक्तीच नाही. सरकार सही करतं आणि खासदार दुसऱ्या दिवशी पेपरात वाचतात. सहा वर्षांच्या खुल्या भांडणातून मिळवलेलं एका रात्रीच्या बंद खोलीत देऊन टाकायचं, आणि याला म्हणायचं आधुनिकता!

24 जुलै 2025 ला ब्रिटनशी झालेल्या करारात भारताने मुक्त प्रवाहाचं बंधन घेतलं नाही हे बरं झालं. पण परदेशी सॉफ्टवेअरचा सोर्स कोड मागणार नाही, हे मात्र त्यात कबूल केलं, अपवाद ठेवून. सोर्स कोड का पाहावा लागतो? प्रदूषणाची चाचणी चालू आहे हे ओळखून धूर कमी सोडणारं सॉफ्टवेअर फोक्सवॅगनने लाखो गाड्यांत बसवलं होतं, हे 2015 मध्ये उघड झालं. कर्ज, नोकरी आणि उपचार ठरवणारं सॉफ्टवेअर तपासायचं झालं तर आपला अधिकारी आधी करारातले अपवाद चाळत बसणार. एकेक पायरी अशीच उतरली जाते, आणि प्रत्येक पायरीवर कोरस टाळ्या वाजवतो.

माहिती परदेशी जाऊच नये असं कुणीही शहाणा म्हणत नाही. ती जावी, पण संसदेने केलेल्या, न्यायालयात तपासता येणाऱ्या आणि उद्या बदलता येणाऱ्या कायद्याच्या अटींवर जावी. व्यापार करारात या विषयाला जागा द्यायचीच असेल तर ती एका वाक्याची: या करारातली कोणतीही गोष्ट सदस्य देशाच्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यांना लागू होणार नाही आणि हे कायदे आवश्यक आहेत की नाहीत हे तो देशच ठरवेल. हे वाक्य ज्यांना जाचक वाटतं त्यांनी उघड सांगावं की त्यांना आपली माहिती हवी आहे, आपली संमती नको आहे. आणि सरकारने पुढच्या करारातलं डिजिटल व्यापाराचं प्रकरण सहीआधी संसदेच्या पटलावर ठेवावं. ते ठेवलं जात नाही तोवर आपल्या खासदाराला विचारत राहणं हे आपलं काम आहे.